एक नावाचं कुणी नाही

अंबडच्या शेडमध्ये, बॅटऱ्यांच्या खोलीला लागून,
चाळीस सर्व्हर राहतात.
प्रत्येकाला एवढंच शिकवलंय :
गल्लीतलं काम असेल तर थेट जा,
गल्लीबाहेरचं काही निघालं
तर 'एक'च्या हातात दे.
पुढचं तो बघेल.

एक नावाचं कुणी नाही.
दोन आहे, तीन आहे,
शेजारशेजारच्या रॅकमध्ये, सारख्याच राखाडी रंगाचे.
एक हा नुसता पत्ता,
रात्रपाळीच्या जर्किनसारखा :
जो ड्यूटीवर, त्याने घालायचा.

दोनला आम्ही एकशेदहा दिलेत, तीनला शंभर.
दहाच्या फरकावर मोठेपण ठरतं.
दोन दर सेकंदाला म्हणतो : आहे.
आहे.
आहे.
तीन ऐकतो. त्याची नोकरीच ऐकण्याची.
ओळीने तीनदा काही आलं नाही
की घसा खाकरून गल्लीभर सांगायचं,
आता एक म्हणजे मी.
सर्व्हरांना पत्ता लागत नाही,
पत्ता तोच असतो.

गायधनी सरांनी हे मला शिकवलं
सातपूरच्या टपरीवर, ग्लासाच्या ओल्या बुडाने
टेबलावर वर्तुळं उमटवत. दोन वेगळी,
आणि दोघांना छेदणारं तिसरं.
"तिसऱ्यात चहा नाही," म्हणाले, "लक्षात ठेव."
आणि म्हणाले, एक मेला तर काही बिघडत नाही,
दोघं जिवंत असून एकमेकांना ऐकू येईनासं झालं
की मग बघ. दोघंही म्हणणार मीच एक,
आणि पतसंस्थेच्या लोकांचे पगार
अर्धे इकडे, अर्धे वाऱ्यावर.
म्हणून मी दोघांमध्ये दोन वायरी टाकल्या,
एक छतावरून, एक फरशीखालून.
त्या दिवशी मला माझा फार अभिमान वाटला होता.

ऑगस्टमध्ये गंगापूर धरणाचे दरवाजे उघडले त्या रात्री
सगळ्या ग्रुपवर दुतोंड्या मारुतीचे फोटो येत होते,
पाणी कमरेला, पाणी छातीला.
दोन चाळीसला डाव्या भिंतीवरचा यूपीएस
जळक्या रबराचा वास सोडून गप्प झाला.
मी आणि तन्वीर कोकणी उभेच राहिलो, मोजत.
एक. दोन. तीन.
आता बोलेल.
चार.
आता.
सर्व्हर जागे होते, त्यांना दोन्ही भिंतींची वीज,
चाळीसच्या चाळीस हाका मारत होते : एक कोण? एक कोण?
तीनही अंधारात होता.

रॅकमागे टॉर्च धरला तेव्हा दिसलं :
दोनची वायर आणि तीनची वायर
शेजारशेजारी, पिवळ्या पट्टीने नीट बांधून,
एकाच एक्स्टेन्शन बोर्डात.
वर चिकटवलेला कागद, अक्षर माझं :
'तात्पुरतं. डिसेंबर.'

माझ्या आराखड्यात सगळं जोडीनं होतं.
आराखड्यात सॉकेट काढायची पद्धत नाही.

तन्वीर काही बोलला नाही.
त्याचं हे न बोलणं मला महिनाभर पुरलं.
उजव्या भिंतीवरून त्याने लांब वायर ओढून आणली,
गुडघ्यावर बसून तीनच्या पाठीत खोचली,
आणि पाच मिनिटांनी
तीनने आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं : आहे.

सकाळी त्याच्या गाडीतून पंचवटीकडे येताना
पुलावर गर्दी होती, मोबाईल वर धरलेले.
मारुती उभा होता,
एक तोंड इकडे, एक तिकडे,
छाती एकच.
गढूळ पाणी तिथवर आलेलं.
मी काही बोलणार होते.

तेवढ्यात तन्वीर म्हणाला,
"ड्यूटीचा फोन तुझ्याकडेच आहे ना?"
"माझ्याकडे? तू घेतलास ना?"

गाडी वळवायला पुलावर जागा नव्हती.
शेडमध्ये, बॅटऱ्यांवर ठेवलेला,
तो बहुतेक वाजत असणार.